उतरत्या अंगणाची सपाटी व फरसबंदी

मीरा-भाईंदरच्या पश्चिम भागातील उत्तन, डोंगरी, पाली, चौक व तारोडी ही गावे खाडी आणि समुद्र यांमधील टेकड्यांच्या उतारांवर व पायथ्याशी वसलेली आहेत. तेथील पुष्कळ घरांपुढील जागा उतरती असते. भात वा मिरची वाळविणे, जाळी विणणे, लग्नकार्याचा मांडव घालणे यासाठी सपाट व टणक अंगण फार उपयोगी पडते. मात्र घाईने केलेली सपाटी एका पावसाळ्यात खचते, आणि कधी कधी घराच्या पायासही धोका पोहोचविते. म्हणून प्रथम पाण्यास वाट द्यावी व मगच जमीन सपाट करावी, हा या कामाचा मुख्य नियम होय.

पाण्याचा हिशोब

६ मीटर लांब व ४ मीटर रुंद अंगणावर एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडल्यास २,४०० लिटर पाणी जमा होते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्या मानाने याच अंगणावर साडेबावीस हजार लिटरांहून अधिक पाणी पडले असते. छपराचे व वरच्या उताराचे पाणी याहून निराळे. यास्तव अंगण अगदी सपाट न करता घरापासून दूर, दर ६० सें.मी. अंतरास १ सें.मी. असा उतार ठेवावा.

उताराचे माप

पारदर्शक नळीत पाणी भरून पाणसळ तयार करावी. नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नये. एक खुंटी घराजवळ व दुसरी अंगणाच्या खालच्या कडेस ठोकून दोहोंवर पाण्याच्या पातळीची खूण करावी. प्रत्येक खुणेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे. दोन्ही अंतरांतील फरक म्हणजे जमिनीचा उतार.

खोदाई की भराई?

समजा, वरील अंगणात ६ मीटरांत ६० सें.मी. उतार आहे. त्यापैकी १० सें.मी. उतार राखावयाचा असल्याने ५० सें.मी.चा फरक काढावा लागेल. वरच्या बाजूस २५ सें.मी. खोदून तीच माती खाली भरल्यास केवळ १.५ घनमीटर माती हलवावी लागते. हा मार्ग स्वस्त खरा; परंतु घर वरच्या बाजूस असेल तर त्यामुळे पाया उघडा पडतो. अशा ठिकाणी जोत्यालगत मुळीच खोदू नये.

त्याऐवजी सर्व भराईच केल्यास खालच्या कडेस ५० सें.मी. भर येते व ६ घनमीटर माती लागते. तीन-तीन मीटरांचे दोन टप्पे केल्यास प्रत्येक टप्प्याच्या कडेस २५ सें.मी. भर पुरते आणि एकूण ३ घनमीटर मातीत काम होते. पाया सुरक्षित राहून खर्चही आटोक्यात राहत असल्याने लहान शेतकऱ्यास हाच मार्ग हितकर होय. ही मापे दाबून बसविलेल्या मातीची आहेत. सुटी माती याहून अधिक लागते.

घर खालच्या बाजूस असल्यास वरून येणारे पाणी अंगणाच्या वरच्या कडेस चर खणून बाजूस वळवावे. अंगणाचा उतारही घराकडे न ठेवता बाजूस द्यावा.

भराई व गडगा

वरची काळी कसदार माती प्रथम काढून भाजीच्या वाफ्यांसाठी राखून ठेवावी. प्रत्येक टप्प्याच्या कडेस दगडी गडगा रचावा. त्याच्या पायाची रुंदी उंचीच्या निम्म्याहून कमी नसावी व तोंड भराईच्या बाजूस किंचित झुकलेले असावे. गडग्यामागे दगडगोटे भरावेत, म्हणजे मुरलेले पाणी सहज बाहेर पडेल. गडगा १ मीटरहून उंच होत असल्यास अभियंत्याचा सल्ला घ्यावा.

मुरूम १५ सें.मी.च्या थरांनी पसरून, थोडे पाणी शिंपडून, प्रत्येक थर धुम्मसाने ठोकावा. भराईचे काम पावसाळा संपताच हाती घ्यावे, तिला पुढील एक पावसाळा मिळू द्यावा आणि खचलेला भाग भरून काढल्यानंतरच फरशी बसवावी.

फरसबंदी

भराईवर १० सें.मी. जाडीचा खडी-मुरुमाचा थर ठोकून त्यावर ४ ते ५ सें.मी. दगडाची चुरी पसरावी व फरशी बसवावी. समुद्राची वाळू वापरू नये. तिच्यातील क्षारांमुळे फरशी व सांधे यांवर पांढरे फूल येते. धान्य वाळवावयाचे असल्यास सांधे सिमेंटने भरावेत. थर व फरशी मिळून सुमारे २० सें.मी. उंची वाढते. तरीही फरशी जोत्याच्या माथ्यापेक्षा किमान १५ सें.मी. खाली राहिली पाहिजे. जोते तेवढे उंच नसल्यास काम आरंभण्यापूर्वी जाणकारास दाखवावे.

कार्यकर्त्यांसाठी सूचना

खोदाईस परवानगी आवश्यक आहे काय, याची चौकशी महानगरपालिका व तलाठी कार्यालयात करावी. उरलेली माती नाल्यात, खाजणात किंवा कांदळवनात टाकू देऊ नये. काम पाहावयास जाताना पाणसळ बरोबर न्यावी आणि मापे शेतकऱ्याच्याच हातून घ्यावीत. पहिल्या मोठ्या पावसात पुन्हा भेट देऊन पाणी कोठे साचते ते पाहावे. त्या वेळी आढळलेला दोष फरशी बसण्यापूर्वी अल्प खर्चात सुधारता येतो.