मेंदूतील गाठ आणि ‘स्टेम सेल’ : समज व गैरसमज

उपचारासाठी मुंबईला येणारा माणूस आधी नातेवाइकाकडे उतरतो आणि मग हॉस्पिटल गाठतो. त्यामुळे घाटकोपरच्या माझ्या छोट्या दवाखान्यात वर्षभर गावाकडचे पेशंट येतात. हातात फायलीची पिशवी, सोबत पुतण्या नाहीतर भाचा.

असाच एक भाचा आपल्या मामांना घेऊन आला. मामा प्राथमिक शिक्षक, वय बावन्न. फळ्यावर लिहिताना उजवा हात आखडला आणि ते फेफरे येऊन खाली पडले. आयुष्यातले पहिलेच फेफरे. तपासणीत मेंदूत गाठ निघाली, मुंबईत शस्त्रक्रिया झाली. रिपोर्टमध्ये ‘ग्लायोब्लास्टोमा, ग्रेड ४’ असे लिहिले होते. पुढे रेडिएशन सुरू व्हायचे होते.

भाच्याने पिशवीतून एक रंगीत पत्रक काढले. “डॉक्टर, यात लिहिलंय की गाठीचं मूळ स्टेम सेलमध्ये असतं. नव्या स्टेम सेल टोचल्या की मूळच नाहीसं होतं. तीन लाख सांगतायत. करून टाकू का?”

बाहेर पेशंट खोळंबले होते. मी घाईने म्हणालो, “असल्या भानगडीत पडू नका.” ही माझी चूक झाली. दहा दिवसांनी कळले की रेडिएशनची तारीख त्यांनी पुढे ढकलली आहे आणि गावी जमिनीच्या तुकड्याला गिऱ्हाईक शोधणे सुरू आहे. मग रविवारी दोघांना घरी बोलावले आणि सगळे सविस्तर समजावून सांगितले. तेच आज आपल्यासाठी लिहितो आहे, कारण त्या पत्रकातले अर्धे वाक्य खरे होते. अर्धे खरे असते तेच माणसाला फसवते.

स्टेम सेल म्हणजे काय?

आपल्या शरीरात काही पेशी ‘मूळ पेशी’ असतात. त्या स्वतःसारख्या पेशी तयार करतात आणि वेगवेगळ्या कामाच्या पेशींनाही जन्म देतात. यांनाच स्टेम सेल म्हणतात. मेंदूच्या काही गाठींतही असाच स्वभाव असलेल्या थोड्या पेशी सापडतात.

शेतकऱ्याला हे हरळीवरून चटकन कळेल. हरळी वरवर खुरपली की रान स्वच्छ दिसते, पण जमिनीत काशी राहिली तर पाऊस पडताच ती पुन्हा हिरवी होते. गाठीतील या पेशी म्हणजे हरळीची काशी. आता सांगा, काशी नष्ट करायला कोणी रानात नवी काशी पेरतो का? शरीरातल्या निरोगी मूळ पेशी वेगळ्या आणि गाठीतल्या मूळ पेशी वेगळ्या. नाव सारखे म्हणून एक दुसरीचे औषध ठरत नाही.

त्यांना ओळखतात कसे?

सूक्ष्मदर्शकाखाली या पेशी इतरांसारख्याच दिसतात. म्हणून त्यांच्यावरची प्रथिने शोधावी लागतात. पेशीच्या पृष्ठभागावरचे सीडी-१३३, पेशीच्या आतल्या तंतूंमधील नेस्टिन, केंद्रकातील सॉक्स-२ ही अशी काही नावे. या प्रथिनांना ‘मार्कर’ म्हणजे ओळखीच्या खुणा म्हणतात. त्या खुणेलाच चिकटणारी अँटीबॉडी वापरून पेशी रंगवता येतात किंवा वेगळ्या काढता येतात. दादर स्टेशनच्या गर्दीत लाल सदरा आणि बिल्ला पाहून आपण हमाल ओळखतो, तसेच हे.

शंभर आणि एक लाख

कॅनडातील टोरांटोच्या बालरुग्णालयात शीला सिंग व पीटर डर्क्स यांनी २००३ साली मेंदूच्या गाठींतून सीडी-१३३ची खूण असलेल्या पेशी वेगळ्या केल्या. २००४ साली त्यांनी पुढचा प्रयोग प्रसिद्ध केला. खूण असलेल्या अवघ्या १०० पेशी उंदराच्या मेंदूत सोडल्या तरी तेथे मूळ रोग्यासारखी गाठ वाढली. खूण नसलेल्या १ लाख पेशी सोडल्या तरी गाठ झाली नाही. २००६ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवले की या पेशी रेडिएशनने डीएनएला झालेली इजा इतरांपेक्षा चांगली दुरुस्त करतात, म्हणून तगून राहतात. गाठ परत का येते, याचे एक उत्तर येथे मिळाले.

आपल्या महाराष्ट्रातही या विषयावर काम झाले आहे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. अंजली शिरास व त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्लायोब्लास्टोमाच्या एका गाठीपासून दोन पेशीवंश तयार केले. एक सावकाश वाढणारा व गाठ न करणारा. दुसरा त्यातूनच आपोआप निर्माण झालेला, झपाट्याने वाढणारा आणि गाठ करणारा. हे काम २००३ व २००७ साली प्रसिद्ध झाले. साधी मूळ पेशी कर्करोगाची मूळ पेशी कशी बनते, याचा अभ्यास त्यामुळे शक्य झाला. टाटा मेमोरियल सेंटरच्या खारघर येथील ‘अॅक्ट्रेक’ संस्थेत डॉ. शिल्पी दत्त यांच्या गटाने २०१५ साली दाखवले की रेडिएशनमधून वाचलेल्या मूठभर पेशी एकमेकींत मिसळून मोठ्या, अनेक केंद्रकांच्या पेशी बनतात, काही काळ गप्प राहतात आणि पुन्हा वाढू लागतात.

मग या खुणेवर औषध का नाही?

भाच्याने हाच प्रश्न विचारला. उत्तर असे की हमाल सदरा काढून ठेवू शकतो आणि दुसरा कोणी तो घालूही शकतो. २००७ साली जर्मनीतील संशोधकांना काही ग्लायोब्लास्टोमांत सीडी-१३३ नसलेल्या पेशीही गाठ निर्माण करताना आढळल्या. शिवाय ही खूण शरीरातल्या काही निरोगी पेशींवरही असते. आणि हरळीचा दाखला येथे अपुरा पडतो, कारण हरळीचे पान काशी होत नाही. गाठीतली साधी पेशी मात्र परिस्थिती बदलली की मूळ पेशीसारखी वागू लागते. म्हणून हा विषय आजही मुख्यतः प्रयोगशाळेतला आहे. या खुणा पाहून रोग्याचा नेहमीचा उपचार ठरवला जात नाही.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनाही स्पष्ट आहेत. रक्ताच्या काही रोगांसाठी होणारे बोन मॅरो प्रत्यारोपण सोडले, तर स्टेम सेलचे इतर उपयोग मान्यताप्राप्त चाचणीतच करावेत. अशा चाचणीत रोग्याकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. कोणी तीन लाख मागितले की तेथेच ओळखावे.

रिपोर्टमध्ये काय पाहावे?

आज उपचाराला उपयोगी पडणाऱ्या तपासण्या वेगळ्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणानुसार गाठीचे नाव ठरवताना ‘आयडीएच’ हे जनुक बदलले आहे का, हे पाहतात. ‘१पी/१९क्यू’ या तपासणीने ऑलिगोडेंड्रोग्लायोमा ही तुलनेने सावकाश वाढणारी गाठ ओळखता येते. ‘एमजीएमटी’ या तपासणीवरून टेमोझोलोमाइड या औषधाचा फायदा किती होईल याचा अंदाज येतो. यांविषयी आपल्या डॉक्टरांना जरूर विचारावे.

उपचाराबद्दल खोटी आशा दाखवणार नाही. २००५ साली युरोप व कॅनडातील ५७३ रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. केवळ रेडिएशन घेतलेल्यांचे मध्यम आयुर्मान १२.१ महिने, तर सोबत टेमोझोलोमाइड घेतलेल्यांचे १४.६ महिने होते. फरक लहान वाटेल. पण दोन वर्षांनंतर जिवंत असलेल्यांचे प्रमाण १०.४ टक्क्यांवरून २६.५ टक्क्यांवर गेले. म्हणजे दहांतील एकाऐवजी चारांतील एक. हा फायदा त्या पत्रकात कुठेच नव्हता, आणि तो मिळवण्याचे दिवस मात्र हातचे जात होते.

मामांनी सगळे ऐकून घेतले. मग भाच्याला म्हणाले, “जमीन राहू दे. उद्या तारीख घेऊन ये.” सहा आठवडे भाच्याने पहाटेची लोकल पकडून त्यांना रेडिएशनला नेले. मामा पुन्हा शाळेत जाऊ शकले नाहीत, पण पुढचा पावसाळा त्यांनी आपल्या ओटीवर बसून पाहिला. त्यानंतरच्या हिवाळ्यात ते गेले. जमीन आज त्यांच्या मुलांच्या नावावर आहे.

लक्षात ठेवा

• मोठेपणी पहिल्यांदाच फेफरे येणे, पहाटे वाढणारी व दिवसेंदिवस बळावणारी डोकेदुखी, सोबत उलट्या, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे यांकडे दुर्लक्ष करू नका. प्रत्येक डोकेदुखी म्हणजे गाठ नव्हे, पण तपासणी हवी.

• शस्त्रक्रियेनंतर रिपोर्टबरोबर गाठीचे मेणाचे ब्लॉक व काचपट्ट्या मागून घ्या आणि उन्हापासून जपून ठेवा. मोठ्या हॉस्पिटलात फेरतपासणीसाठी त्याच लागतात.

• रेडिएशन साधारणपणे शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांच्या आत सुरू होते. ते विनाकारण पुढे ढकलू नका, मध्येच सोडू नका.

• फेफऱ्याच्या व सूज उतरवणाऱ्या स्टिरॉइडच्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करू नका. टेमोझोलोमाइड चालू असताना रक्ततपासणी चुकवू नका.

• नव्या उपचाराचे पत्रक हाती आले तर पैसे देण्यापूर्वी ते आपल्या कर्करोगतज्ज्ञाला दाखवा. आणि आम्हा डॉक्टरांनी पेशंटच्या अशा प्रश्नाला पाच मिनिटे द्यावीत. ती मी त्या दिवशी दिली असती, तर मामांचे दहा दिवस वाचले असते.