गरम झऱ्यातील जीवसृष्टी

राजगृहाच्या तपोदा या उष्ण पाण्यावर भिक्खू स्नान करीत राहिले आणि राजा बिंबिसाराला ताटकळावे लागले, ही विनयपिटकातील हकिगत आपल्या उपासकांना परिचित आहे. गरम झरा दिसला की आपल्याकडे लगेच देवाचा चमत्कार सांगितला जातो. म्हणून अशा पाण्यात खरोखर कोण राहते, ते आम्ही विद्यार्थीबांधवांसाठी येथे मांडीत आहोत.

अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात थॉमस ब्रॉक व त्यांचा विद्यार्थी हडसन फ्रीझ यांनी १९६६ साली एका झऱ्यातून ७० अंश सेल्सिअसच्या आसपास उत्तम वाढणारा जिवाणू मिळविला. 'थर्मस अक्वाटिकस' हे त्याचे नाव. त्याच्यातील न करपणाऱ्या विकरामुळे पीसीआर तपासणी सुलभ झाली. २०२० च्या कोरोना साथीत हे नाव घरोघरी पोहोचले, जिवाणूला मात्र कोणी ओळखले नाही!

झऱ्याचे पाणी वाहता वाहता निवते. सुमारे ७३ अंशांच्या वर प्रकाशसंश्लेषण होत नाही. त्याखाली दगडांवर शेवाळासारखा जाड थर धरतो. वर हिरवे सायनोजिवाणू, खाली नारिंगी जिवाणू. दिवसा वरचे जीव अन्न व प्राणवायू तयार करतात. रात्री थरातील प्राणवायू संपतो, तेव्हा तेच जीव आंबवण्याच्या क्रियेवर निभावतात आणि हवेतील नत्र बांधतात. ग्रँड प्रिझमॅटिक झऱ्याच्या कडा उन्हाळ्यात नारिंगी दिसतात. प्रखर उन्हापासून वाचविणारी रंगद्रव्ये तेव्हा वाढलेली असतात. हिवाळ्यात हिरवा रंग वर येतो.

कोणी म्हणेल, पाहा, निसर्गातही ज्याची त्याची पायरी ठरलेली आहे! चातुर्वर्ण्याच्या समर्थनार्थ असे दाखले देणारे आम्ही ऐकले आहेत. हा दाखला साफ खोटा आहे. येथील जागा जन्माने मिळत नाही, पाण्याच्या उष्णतेने मिळते. सिनेकोकॉकस या एकाच कुळात अधिक उष्ण पाण्यात वाढणारे व कमी उष्ण पाण्यात वाढणारे असे निरनिराळे प्रकार आहेत. कोणताही जीव ठरवून बदलत नाही. ज्यांची ठेवण त्या उष्णतेला मानवते ते वाढतात, इतर मागे पडतात. झऱ्याने वाट बदलली किंवा पाणी निवले, की कालपर्यंत मूठभर असलेला प्रकार थरभर पसरतो आणि कालचा बहुसंख्य प्रकार शोधावा लागतो.