झुंडबळी म्हणायचं की जमावहत्या?

प्रश्न : बातम्यांमध्ये कधी ‘मॉब लिंचिंग’, कधी ‘झुंडबळी’, तर कधी नुसतं ‘जमावाच्या मारहाणीत मृत्यू’ असं वाचायला मिळतं. हे सगळं एकच का? लिंच करणं म्हणजे फासावर लटकवणं असं ऐकलं होतं, ते बरोबर आहे का? आणि झुंडबळी म्हणायचं कोणाला, मेलेल्या माणसाला की घटनेला?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी घेऊ. झुंडबळी दोघांनाही म्हणतात. ‘बळी’ हा शब्दच मराठीत तसा दुहेरी चालतो. ‘पुरात तीन बळी’ म्हटलं की माणसं मोजलेली असतात, आणि ‘भूकबळी’ म्हटलं की माणूसही कळतो, प्रकारही कळतो. त्यामुळे ‘तो झुंडबळी ठरला’ आणि ‘झुंडबळीची घटना’ ही दोन्ही वाक्यं ठीक. मला स्वतःला ‘झुंडीने बळी घेतला’ हे जास्त पटतं, कारण त्यात बळी घेणारा दिसतो. ‘जमावाच्या मारहाणीत मृत्यू’ या मथळ्यात मारणारे जवळजवळ नाहीसेच होतात. जणू गारपीट झाली आणि त्यात माणूस सापडला!

‘जमावहत्या’ चुकीचा नाही, पण थंड आहे. जमाव कशासाठीही जमतो. जमावबंदीचा आदेश लग्नाच्या वरातीलाही आडवा येतो. झुंड म्हटल्यावर मात्र कुत्र्यांची झुंडच आधी आठवते, आणि एकट्या सापडलेल्याला घेरणं त्या शब्दातच आहे. ‘झुंडशाही’ आपल्याकडे आधीपासून होताच, त्यामुळे गेल्या दहाएक वर्षांत मराठी वृत्तपत्रांनी ‘झुंडबळी’ उचलला तेव्हा तो कोणाला समजावून सांगावा लागला नाही.

आता ‘लिंच’. हे अमेरिकेतल्या व्हर्जिनियातलं आडनाव आहे. ते नेमकं कोणाचं, यावर दोन दावे आहेत. एक चार्ल्स लिंच, बडे मळेवाले आणि स्थानिक न्यायाधीश. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धात, १७८० च्या सुमारास, ब्रिटिशांच्या बाजूच्या लोकांना त्यांनी रीतसर खटला न चालवता शिक्षा ठोठावल्या, आणि १७८२ मध्ये व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने कायदा करून त्यांना त्यातून मोकळं केलं. दुसरे त्याच प्रांतातले विल्यम लिंच. त्यांनी अशाच शिक्षा देण्याचा शेजाऱ्यांशी करार केल्याची हकिगत १८३६ मध्ये एडगर ॲलन पो संपादन करत असलेल्या मासिकात छापून आली. श्रेय घ्यावं असं हे काम नव्हे, तरी दावेदार दोन!

तेव्हाची शिक्षा बहुतेक वेळा चाबकाचे फटके अशी असे. ‘लिंच’मध्ये मरण आलं ते पुढे, आणि यादवी युद्धानंतर अमेरिकेच्या दक्षिण भागात तो शब्द मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या हत्येशी जोडला गेला. टस्कीगी संस्थेच्या नोंदींनुसार १८८२ ते १९६८ या काळात असे ४,७४३ बळी गेले. त्यांपैकी ३,४४६ कृष्णवर्णीय होते. कित्येकांना झाडाला लटकवलं, म्हणून तुम्हाला फासाची आठवण राहिली असावी. पण जाळणं, गोळ्या घालणं, नदीत फेकणं हेही त्यातच मोडतं. १८९२ मध्ये मेम्फिसमध्ये तीन कृष्णवर्णीय दुकानदारांना असं मारलं गेलं, तेव्हा पत्रकार आयडा बी. वेल्स यांनी या प्रकरणांचा छडा लावायला घेतला. त्या मेम्फिसमधल्या तिघांचं दुकान गोऱ्या दुकानदाराला स्पर्धा करत होतं. अशा हत्यांसाठी पुढे केला जाणारा स्त्रियांवरच्या अत्याचाराचा आरोप अनेकदा नुसतं निमित्त असतो, हे वेल्स यांनी छापून दाखवलं. त्यानंतर त्यांच्या वृत्तपत्राच्या कचेरीची मोडतोड झाली.

निमित्त हाच यातला कळीचा भाग. चार गुंडांनी पैशासाठी एकाला मारलं तर तो खून. दोन गट एकमेकांवर चालून गेले तर ती दंगल. झुंडबळीत मात्र एकीकडे एकटा-दुकटा माणूस असतो, दुसरीकडे ‘आम्ही न्यायच करतोय’ असं मानणारी गर्दी, आणि हे सगळं उघड्यावर चालतं. लपवण्यासारखं काही करतोय असं त्या गर्दीला वाटतच नाही. म्हणून ती मोबाइलवर चित्रणही करते.

महाराष्ट्रातलं उदाहरण राईनपाड्याचं. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातल्या या गावात आठवडी बाजार होता. मंगळवेढ्याकडून भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारी टोळी समजून मारलं गेलं, तेही ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून. अफवा व्हॉट्सॲपवरून फिरत होती. पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले इथे १६ एप्रिल २०२० ला दोन साधू आणि त्यांच्या चालकाचा जीव गेला, तोही अशाच अफवेतून. २००६ च्या खैरलांजीला मात्र मी झुंडबळी म्हणणार नाही. मारणारे अनेक होते हे खरं, पण तिथे दलित कुटुंबाशी जातीचं आणि जमिनीचं वैर होतं. झुंडबळी म्हटलं की गर्दी डोळ्यांपुढे राहते आणि जात मागे सरते. तिथे ‘हत्याकांड’ हाच शब्द योग्य.

‘लिंचिंग’ हा शब्द बाहेरचा आहे, तो भारताला लावू नका, असं सरसंघचालक मोहन भागवत २०१९ च्या विजयादशमीला नागपुरात म्हणाले होते. शब्द बाहेरचा, हे वर आलंच. पण तो इथल्या घटनांना लागू होतो की नाही, हे त्याच्या जन्मगावावरून ठरत नाही. त्याच्या आदल्या वर्षीच, १७ जुलै २०१८ ला, सर्वोच्च न्यायालयाने तो निकालपत्रात वापरला होता, प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी नेमायला सांगितलं होतं आणि संसदेने वेगळा गुन्हा ठरवावा अशी शिफारस केली होती.

तो गुन्हा आला भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३(२) मध्ये. पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात वा समाज, लिंग, जन्मस्थान, भाषा, व्यक्तिगत श्रद्धा किंवा तत्सम कारणावरून खून केला, तर प्रत्येकाला मृत्युदंड किंवा जन्मठेप, शिवाय दंड. कलमात ‘लिंचिंग’ हा शब्द नाही. संहिता लागू झाली १ जुलै २०२४ ला, म्हणजे राईनपाड्याला बरोबर सहा वर्षं झाली त्या दिवशी. पण मुलं पळवण्याचा संशय ‘तत्सम कारणा’त बसतो का, हा प्रश्न वकिलाला विचारून पाहा. यादीतली बाकीची कारणं माणसाच्या ओळखीशी बांधलेली आहेत, अफवा तशी नाही. बसलं नाही तर खुनाचं साधं कलम आहेच, पण मग झुंडीसाठी म्हणून केलेली तरतूद झुंडीच्या एका नेहमीच्या प्रकाराला लागणार नाही.