घराभोवतीची मोकळी माती

शहरातील हिरवाईचा विचार करताना सार्वजनिक उद्याने, टेकड्या आणि रस्त्याच्या कडेचे वृक्ष प्रथम डोळ्यांसमोर येतात. तथापि, खाजगी घरांच्या आवारांचाही या हिरवाईत मोलाचा वाटा असतो. पुण्यात डेक्कन जिमखाना, प्रभात रस्ता या परिसरांत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बंगल्यांची वस्ती वाढली. दर्शनी बाजूस आंबा, चाफा, बकुळ आणि परसात कढीलिंब, शेवगा, लिंबू अशी झाडे तेथे जोपासली गेली. आज जुन्या बंगल्यांच्या जागी बहुमजली इमारती उभ्या राहत असताना या आवारांचे महत्त्व समजून घेणे अगत्याचे आहे.

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे एक लिटर पाणी मिळते. पुण्याचे वार्षिक पर्जन्यमान सुमारे ७०० मिलिमीटर धरल्यास १०० चौरस मीटरच्या अंगणावर वर्षाकाठी ७० हजार लिटर पाणी पडते. माती मोकळी असेल तर त्यातील बराच अंश जमिनीत मुरून विहिरी व कूपनलिकांना लाभतो. फरशी घातली की तेच पाणी गटारात जाते आणि सखल भागातील रहिवाशांच्या दारी साचते. दिवसा तापलेली फरशी रात्रीही उष्णता देत राहते. वृक्षांच्या सावलीने व पानांतून होणाऱ्या बाष्पोत्सर्जनाने मात्र हवा थंड राहते. लिंबू व कढीलिंबाच्या पानांवर फुलपाखरांच्या अळ्या पोसल्या जातात, तर जास्वंदीवर शिंजीर मधासाठी येतो.

महाराष्ट्रात नागरी क्षेत्रांतील वृक्षांच्या संरक्षणासाठी १९७५ मध्ये कायदा करण्यात आला. त्यानुसार स्वतःच्या आवारातील वृक्ष तोडण्यासही पूर्वपरवानगी आवश्यक असते. २०२१ मधील सुधारणेने ५० वर्षे व त्याहून अधिक वयाच्या वृक्षांना वारसा वृक्ष म्हणून विशेष संरक्षण दिले.

कायद्याने वृक्ष वाचतो. पण बुंध्यापर्यंत काँक्रीट झाले, तर मुळांना हवा व पाणी मिळत नाही आणि उभा वृक्ष हळूहळू वठतो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीतील वृक्षांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचे आदेश दिले, ते याच कारणाने.

हे प्रत्येक कुटुंबास आपल्या आवारातही करता येईल. वाहनासाठी चाकांपुरतेच दोन पट्टे फरशीचे ठेवावेत. पालापाचोळा न जाळता आळ्यात पसरावा. पुनर्बांधणी करताना तळघर कुंपणापर्यंत न नेता एका बाजूस अखंड जमीन राखावी. तळघराच्या छतावरील वीतभर मातीत मोठा वृक्ष तग धरीत नाही. आराखडा मंजुरीस जाण्यापूर्वीच सभासदांनी वास्तुशिल्पज्ञाकडे हा आग्रह धरावयास हवा. इमारत उभी राहिल्यानंतर ती जमीन परत मिळविता येत नाही.