आधी मुंबई, मग बघू?

चि. मनूस,


ताईनं फोनवर सगळं सांगितलं. बारावी झाली, इंजिनिअरिंग नको, मुंबईत खोली घेऊन मालिकांसाठी ऑडिशन द्यायच्या. दाजी चिडलेत, ते त्यांच्या जागी. कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धेच्या तालमींसाठी सेकंड शिफ्ट बदलून घेत आलेला माणूस मी. तुझ्या नाटकवेडाला नावं कुठल्या तोंडानं ठेवू? माझी हरकत आहे ती तुझ्या 'आधी मुंबई, मग बघू'ला.

तू मुक्ता बर्वेचं उदाहरण दिलंस म्हणे. दे की, आपल्या चिंचवडचीच आहे. पण मग तिचा रस्ता पुरता बघ. शाळेच्या वयात रत्नाकर मतकरींच्या 'घर तिघांचं हवं'मध्ये काम, पुढे एस. पी. कॉलेज, मग पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नाटकाचं रीतसर शिक्षण. 'जोगवा' आला 2009 मध्ये, 'मुंबई-पुणे-मुंबई' 2010 मध्ये. तोवर नाटकं, मालिका, छोटे-मोठे सिनेमे करत तिची बरीच वर्षं गेली होती.

मला मोलाचं वाटतं ते त्याच्याही पुढचं. चेहरा घरोघरी पोचल्यावर नाटकात स्वतःचे पैसे घालायची तिला काय गरज होती? तरी तिनं दिवंगत मैत्रीण रसिका जोशी यांच्या नावानं नाट्यसंस्था काढली. 'छापा काटा' केलं, 2016 मध्ये 'कोडमंत्र' हे लष्करी न्यायालयाचं, भरपूर माणसं लागणारं नाटक उभं केलं. नाट्यगृहाच्या तारखा, सेटचा टेम्पो, नटांची बस, तिकीट खिडकी, हे सगळं निर्मात्याच्या डोक्याला. पण दुसऱ्यानं भूमिका देण्याची वाट बघत बसावं लागत नाही.

प्रशांत दळवींचं 'चारचौघी' 2022 मध्ये पुन्हा रंगभूमीवर आलं. त्यात मुक्तानं विद्या केली. विद्याचा नवऱ्याशी फोनवरचा लांबच लांब संवाद आहे. समोर नट नाही, पलीकडचा आवाज प्रेक्षकाला ऐकू येत नाही. त्या माणसानं काय उत्तर दिलं असेल, हे तिच्या थांबण्यावरून आपल्याला कळतं. चिंचवडच्या मोरे प्रेक्षागृहात मी ते बघितलं तेव्हा शेजारचा गृहस्थ पॉपकॉर्न खायचा थांबला होता. विद्याचं ते थांबणं आरशासमोर रील करून येत नाही. जिवंत प्रेक्षकासमोर, प्रयोगामागून प्रयोग करूनच येतं.

पैशाचंही बोलून टाकतो. नाटकात नाईट मिळते, म्हणजे प्रयोग झाला तर पैसे. मालिकेत दिवसावर हिशेब, आणि ते पैसेही बऱ्याचदा नव्वद दिवसांनी. चाकणच्या आमच्या व्हेंडर लोकांना हे उधारीचं चक्र पाठ आहे, पण त्यांच्यामागे बँकेची सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट, असते. तुझ्यामागे दाजींचा पीएफ आहे, त्याला हात लावायचा नाही.

तेव्हा पुण्यात राहून पदवी घे, हवी तर ललित कला केंद्रातूनच. दुसऱ्या कॉलेजात गेलीस तर पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकेच्या टीममध्ये शीर. नाही घेतलं नटांत, तर लाइट्स कर, प्रॉम्प्टिंग कर. निगडीहून विद्यापीठ काही लांब नाही.

दाजींशी मी रविवारी येऊन बोलेन, तोवर घरात वाद घालू नकोस. ललित कलाची प्रवेशप्रक्रिया नीट वाचून ठेव. आणि सरावाला विद्याचा तो फोन निवडू नकोस, तुझ्या वयाचं काहीतरी बसव. मी आलो की करून दाखव.

तुझा,
मामा