डोंगरांच्या नावांच्या वाहिन्या

उन्हाळ्याच्या सुटीत सलमा मालेगावहून हैदराबादला खालाजानकडे गेली होती. परत आल्यावर तिने विचारले, "अब्बा, खालाजानच्या घरी दूरदर्शनवर तेलुगू बातम्या लागतात. आपल्याकडे मराठी लागतात. दूरदर्शन तर एकच आहे ना?"

अब्बा म्हणाले, "दूरदर्शन एक, पण वाहिन्या अनेक. तेलंगणाची यादगिरी, आंध्र प्रदेशची सप्तगिरी, गुजरातची गिरनार आणि आपली सह्याद्री."

"ही तर सगळी डोंगरांची नावे!" इरफान म्हणाला.

"बरोबर. पूर्वी प्रक्षेपणाचे मनोरेही डोंगरावर उभारत. टी.व्ही.च्या लहरी सरळ रेषेत जातात, डोंगर आडवा आला की अडतात. म्हणून मनोरा उंचावर हवा. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. ते पुण्यात दिसावे म्हणून १९७३ साली सिंहगडावर केंद्र उभारले. आता कार्यक्रम उपग्रहामार्फत दूरवर जातात."

इरफानला शंका आली. "मग साऱ्या देशासाठी एकच भाषा ठेवावी. खर्च वाचेल."

अब्बा म्हणाले, "१९७५ साली देशात एक मोठा प्रयोग झाला. उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत वर्षभर टी.व्ही. दाखवला. शेती, आरोग्य, शिक्षण असे विषय होते. कार्यक्रम हिंदी, ओडिया, तेलुगू आणि कन्नड भाषांत होते. औषध कसे फवारावे हे ओडिशातील शेतकऱ्याला कन्नडमध्ये सांगितले, तर त्याला काय कळणार? पुढे १९८२ साली दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. साऱ्या देशाला एकच चित्र दिसू लागले. तेही हवे. पण गावाची बातमी गावाच्या भाषेतच हवी."

नानी इतका वेळ ऐकत होत्या. त्यांनी विचारले, "आणि आपली उर्दू?"

"उर्दू बोलणारे अनेक राज्यांत आहेत. त्यांच्यासाठी २००६ साली दूरदर्शनची उर्दू वाहिनी सुरू झाली."

"मग मी तीच पाहीन. मराठी वाहिनीशी मला काय काम?" नानी म्हणाल्या. अब्बा काही बोलले नाहीत.

पावसाळा आला. एकदा दोन दिवस संततधार पाऊस पडला. नानी उर्दू वाहिनीवर दिल्लीच्या बातम्या ऐकत होत्या. सलमाने सह्याद्री वाहिनी लावली. पडद्याखालच्या पट्टीवर मराठी अक्षरे सरकत होती. सलमाने ती वाचली आणि उर्दूत सांगितले, "नानी, नदीला पूर येण्याची शक्यता आहे. काठावरच्या लोकांनी सावध राहावे."

नानी दचकल्या. मामूंचा यंत्रमागाचा कारखाना मोसम नदीच्या काठावरच होता. अब्बांनी लगेच मामूंना फोन केला. सर्वांनी मिळून सुताचे गठ्ठे माळ्यावर चढवले. रात्री कारखान्यात गुडघाभर पाणी आले, पण सूत कोरडे राहिले.

दुसऱ्या दिवशी नानींनी सलमाला जवळ बसवले. त्या म्हणाल्या, "बेटी, उर्दू वाहिनी तर मी पाहीनच. पण रोज संध्याकाळी ती मराठी पट्टी मला वाचून दाखव. आणि हो, थोडी अक्षरेही शिकव."

शब्दार्थ
वाहिनी – टी.व्ही.चे चॅनेल
प्रक्षेपण – कार्यक्रम दूरवर पाठवणे
संततधार – न थांबता पडणारा
यंत्रमाग – विजेवर चालणारा माग

स्वाध्याय
१. टी.व्ही.चे मनोरे डोंगरावर का उभारत?
२. १९७५ सालच्या प्रयोगात कोणत्या भाषा होत्या?
३. नानींचे मत का बदलले? चार-पाच वाक्यांत लिहा.
४. आजच्या मराठी बातम्यांतील एक बातमी ऐका आणि ती घरी आपल्या भाषेत सांगा.