पुन्हा डोंगरवाटेवर

धावणे माणसाला शिकवावे लागत नाही. मूल चालू लागते न लागते, तोच ते धावू लागते. तारुण्यात हेच धावणे शर्यतीचे रूप घेते. पुढे उदरनिर्वाहाची चिंता मागे लागते, संसाराचा भार खांद्यावर येतो, आणि धावण्याचे बूट फडताळात धूळ खात पडतात. अशी वीस-पंचवीस वर्षे निघून जातात. केस पिकू लागतात. जिना चढताना धाप लागते. आणि एके दिवशी त्या माणसाच्या मनात येते, की आपण पुन्हा धावावे. केवळ प्रकृतीसाठी नव्हे, तर पूर्वीसारखे शर्यतीत उतरावे, आणि तेही सपाट मैदानावर नव्हे, डोंगरवाटांवर. लोक हसतात. "हे का आता धावण्याचे वय?" असे विचारतात.

हा प्रश्न चेष्टेवारी नेण्याजोगा नाही. वय वाढले म्हणजे शरीरातून काहीतरी जाते, हे खरे आहे. परंतु काय जाते आणि काय उरते, याचा हिशेब मात्र फार थोडे लोक नीट मांडतात. उत्तर इंग्लंडमधील एका डोंगराळ मुलखात हा हिशेब गेली अनेक वर्षे मांडला जात आहे. तो समजून घेण्यासारखा आहे.

इंग्लंडच्या वायव्य कोपऱ्यात लेक डिस्ट्रिक्ट नावाचा प्रदेश आहे. नावाप्रमाणेच हा सरोवरांचा मुलूख. सरोवरांच्या भोवती उघड्याबोडक्या डोंगरांची गर्दी आहे. तेथील लोक या डोंगरांना 'फेल' म्हणतात. त्यांतील सर्वांत उंच शिखर स्कॅफेल पाइक हे होय. इंग्लंडमध्ये याहून उंच शिखर नाही. तरी त्याची उंची अवघी ९७८ मीटर आहे. परंतु उंचीवरून या डोंगरांची परीक्षा करू नये. सकाळी ऊन असते, दुपारी धुके उतरते आणि दहा पावलांपलीकडचे दिसेनासे होते. कोठे निसटते दगड, कोठे गुडघाभर दलदल, कोठे वाऱ्याचा असा झोत, की उभे राहणे कठीण. या डोंगरांवरच्या शर्यतींना आखलेली वाट क्वचितच असते. अमुक शिखरास स्पर्श करून अमुक ठिकाणी यावे, एवढेच सांगितलेले असते. मधली वाट धावणाऱ्याने स्वतः शोधावयाची. म्हणून त्याच्याजवळ नकाशा, होकायंत्र, शिटी, पावसापासून रक्षण करणारे कपडे आणि थोडे अन्न असावे लागते. नुसत्या पायांच्या बळावर येथे कोणी जिंकत नाही.

या मुलखातील सर्वांत प्रसिद्ध पराक्रमांपैकी एक कोणा विशीतल्या तरुणाने केलेला नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. बॉब ग्रॅहॅम हे केझिक गावी प्रवाशांसाठी विश्रामगृह चालवीत असत. १९३२ च्या जून महिन्यात त्यांनी २४ तासांच्या आत ४२ शिखरे पायांखाली घातली आणि ते पुन्हा केझिकला परतले. त्या वेळी त्यांनी चाळिशी ओलांडली होती. हे अंतर सुमारे १०६ किलोमीटरांचे आहे, आणि त्यात जितका चढ चढावा लागतो, तो एव्हरेस्टच्या समुद्रसपाटीपासूनच्या उंचीहून थोडासाच कमी भरतो. पुढे १९६० पर्यंत, म्हणजे २८ वर्षे, हा फेरा कोणालाही वेळेत पूर्ण करता आला नाही.

हे कसे घडते? त्यासाठी शरीराचे व्यवहार थोडे समजून घेतले पाहिजेत. धावताना स्नायूंना प्राणवायू लागतो. तो पुरविण्याची शरीराची कमाल शक्ती तिशीनंतर हळूहळू घटते; सामान्यतः दर दहा वर्षांस ही घट सुमारे दहा टक्के असते. हृदयाचे ठोके तरुणपणी जितके जलद पडू शकतात, तितके उतारवयात पडत नाहीत. स्नायू कृश होऊ लागतात. परंतु ही घट सर्वांत सारखी नसते. जो नित्य श्रम करतो, त्याची शक्ती सावकाश ओसरते. जो बसून राहतो, त्याची लवकर. आणि ज्याने मधली वर्षे बसून काढली, त्यालाही नियमित सरावाने गमावलेल्यातील बरेचसे परत मिळविता येते.

येथेच एक धोका दबा धरून बसलेला असतो. सराव सुरू केला, की हृदय व फुप्फुसे काही आठवड्यांतच सुधारू लागतात. दम टिकू लागतो, उत्साह वाढतो. परंतु स्नायूंना हाडांशी जोडणारे कंडरे आणि स्वतः हाडे यांना बळकट होण्यास कित्येक महिने लागतात. म्हणजे छाती 'चल' म्हणते, तेव्हा घोटा 'थांब' म्हणत असतो. आणि उत्साहाच्या भरात घोट्याचे म्हणणे कोणी ऐकत नाही. त्यातच मनाला जुना वेग आठवत असतो. पंचविसाव्या वर्षी जो डोंगर आपण एका दमात चढलो, तो आजही तसाच चढू, असे ते म्हणते. पुन्हा धावू लागलेल्या माणसाला खरी इजा होते ती वयामुळे जितकी, तितकीच या आठवणीमुळे होते.

म्हणून जाणते लोक सावकाशीने आरंभ करतात. प्रथम हृदयाची परीक्षा वैद्याकडून करून घेतात. कित्येक आठवडे ते डोंगर केवळ चालून चढतात. यात लाज वाटण्याचे कारण नाही. उभा चढ लागला, की नामांकित शर्यतपटूही गुडघ्यांवर हात टेकून चालतच चढतात. उतार मात्र अधिक कठीण. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच त्यांना शरीराचा भार आवरून धरावा लागतो, आणि त्यामुळे त्यांना सूक्ष्म इजा होतात. प्रथम दोन-तीन दिवस पाऊल टाकणे नकोसे होते. परंतु असे उतार थोडे थोडे करून उतरत गेले, की तेच स्नायू त्या ताणाला सरावतात. तरुणाला एका रात्रीची झोप पुरते. प्रौढाला मेहनतीच्या दिवसानंतर एक-दोन दिवसांची विश्रांती लागते. ही विश्रांती आळस नव्हे. तो सरावाचाच अर्धा भाग होय.

वय जसे काही नेते, तसे ते काही देऊनही जाते. कोठे वेग आवरावा, कोणत्या दगडावर भार टाकावा, कोठे वळसा घेतल्याने वेळ वाचेल, तहान लागण्यापूर्वी पाणी कधी प्यावे, हे शहाणपण डोंगरात घालविलेल्या वर्षांतून येते. शर्यत जितकी लांब, तितकी या शहाणपणाची किंमत अधिक. फ्रान्स, इटली व स्वित्झर्लंड या तीन देशांतून माँ ब्लाँ पर्वताभोवती धावण्याची एक मोठी शर्यत भरते. तिचे अंतर त्या काळी सुमारे १६० किलोमीटर होते. इटलीतील मार्को ओल्मो यांनी आपल्या आयुष्यातील पुष्कळ वर्षे सिमेंटच्या कारखान्यात काम करण्यात घालविली होती. २००६ साली ५७ व्या वर्षी आणि पुन्हा २००७ साली ५८ व्या वर्षी त्यांनी ही शर्यत जिंकली. प्रौढांच्या गटात नव्हे, सर्व वयांच्या स्पर्धकांत ते पहिले आले.

परंतु लेक डिस्ट्रिक्टमध्ये या विषयाचे नाव काढले, की पहिले नाव निघते ते जॉस नेलर यांचे. त्यांचा जन्म १९३६ साली वॉस्डेल हेड या खेड्यात एका मेंढपाळ शेतकऱ्याच्या घरी झाला. लहानपणीच त्यांच्या पाठीला दुखापत झाली. पंधराव्या वर्षी शाळा सुटली आणि शेतावरचे काम सुरू झाले. विशीही गाठली नव्हती, तोच शस्त्रक्रियेने एका गुडघ्यातील कूर्चा काढावी लागली. १९५८ साली पाठीच्या कण्यातील दोन चकत्याही काढण्यात आल्या. असे शरीर लष्करी सेवेस अपात्र ठरले, यात नवल नाही. परंतु १९६० साली त्यांच्याच दरीतून डोंगरांची एक शर्यत निघावयाची होती. नेलर शेतावर वापरावयाचे जाड बूट घालून तिच्यात उतरले. तेथून जे धावणे सुरू झाले, ते पुढे कित्येक दशके चालू राहिले. १९७५ साली त्यांनी २४ तासांच्या आत ७२ शिखरे सर केली.

हे सर्व भर उमेदीच्या वर्षांतील झाले. खरी कसोटी पुढेच होती. ॲल्फ्रेड वेनराइट यांनी १९५५ ते १९६६ या काळात लेक डिस्ट्रिक्टमधील डोंगरांवर सात सचित्र मार्गदर्शिका लिहिल्या. त्यांत २१४ शिखरांचे वर्णन आहे. ही सर्व शिखरे एका सलग मोहिमेत चढण्याचे नेलर यांनी ठरविले, तेव्हा त्यांना पन्नास वर्षे पूर्ण झाली होती. १९८६ च्या जूनअखेर ते निघाले. अंतर सहाशे किलोमीटरांहून अधिक, आणि एकूण चढ एव्हरेस्टच्या उंचीच्या तिपटीहून जास्त. ऊन कडक पडले. पाय सुजले, घोट्याजवळची कातडी बुटांच्या घर्षणाने सोलवटून निघाली. घसा सुजल्यामुळे अन्न गिळणे कठीण झाले. तरी ७ दिवस, १ तास व २५ मिनिटांत ते शेवटच्या शिखरावरून खाली आले. हा विक्रम २०१४ पर्यंत अबाधित राहिला.

या मोहिमेचे केवळ कौतुक करून थांबू नये. अशा वेदना सोसणे हे सर्वांनी अनुकरण करावे असे नाही, आणि स्वतः नेलर यांनीही पुढे समवयस्कांसाठी जी वाट आखून दिली, ती याहून बरीच सौम्य होती. त्यांनी १९९० साली पन्नाशी ओलांडलेल्या धावपटूंसाठी एक आव्हान सुरू केले. पूली ब्रिजपासून नेलर यांच्या घराजवळच्या ग्रीनडेल ब्रिजपर्यंत सुमारे ७७ किलोमीटरांची ही वाट आहे. तिच्यावर ३० शिखरे लागतात. तिची सर्वांत सुंदर गोष्ट म्हणजे तिचे वेळेचे नियम. ते वयाप्रमाणे बदलतात. पन्नाशी नुकतीच ओलांडलेल्या पुरुषाने १२ तासांत पोहोचावे. पासष्टी गाठलेल्याला २४ तासांची मुभा आहे. स्त्रियांसाठीही मर्यादा ठरवून दिल्या आहेत. येथे साठीच्या माणसाची तुलना विशीच्या तरुणाशी होत नाही, आणि त्याच्या स्वतःच्या विशीशीही होत नाही. आज आहे त्या शरीराने आज काय करून दाखविले, एवढेच मोजले जाते. परंतु हेही विसरता कामा नये, की मर्यादा सैल असली, तरी डोंगर तेच आहेत. वय झाले म्हणून एकही शिखर कमी केलेले नाही.

नेलर स्वतःही या नियमाप्रमाणेच जगले. साठाव्या वर्षी, १९९६ साली, त्यांनी ३६ तासांत ६० शिखरे चढली. सत्तराव्या वर्षी, २००६ साली, ७० शिखरे २१ तासांच्या आत पूर्ण केली. २०२४ च्या जून महिन्यात, वयाच्या ८८ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. हयातीत त्यांचे हे आव्हान पुरे करणाऱ्यांचे स्वागत करण्यास ते अनेकदा ग्रीनडेल ब्रिजवर जाऊन उभे राहत. दिवसभर डोंगर तुडवून, चिखलाने माखलेला, पांढऱ्या केसांचा एखादा शिक्षक किंवा शेतकरी त्या पुलावर येई. आणि ज्याचे नाव ऐकत तो वर्षानुवर्षे धावला, तोच माणूस पुढे होऊन त्याचा हात हातात घेई.

'हे का आता धावण्याचे वय?' या प्रश्नाचे उत्तर त्या हस्तांदोलनात आहे. तारुण्य परत मिळविण्यासाठी जो धावतो, त्याची निराशा ठरलेली आहे. कारण गेलेली वर्षे कोणत्याही शिखरावर सापडत नाहीत. परंतु हाती उरलेले बळ ओळखून, ते जपून, त्याचा पुरेपूर उपयोग करण्यासाठी जो पुन्हा वाटेला लागतो, त्याला डोंगर कधीच परका मानीत नाही.

स्वाध्याय

१. फेलवरील शर्यतीत धावणाऱ्याजवळ नकाशा व होकायंत्र का असावे लागते?

२. 'छाती "चल" म्हणते, तेव्हा घोटा "थांब" म्हणत असतो' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.

३. वय वाढल्यावर धावपटूच्या शरीरातून काय जाते आणि त्याच्याजवळ काय वाढते, ते पाठाच्या आधारे लिहा.

४. 'वय झाले म्हणून एकही शिखर कमी केलेले नाही.' या नियमाने प्रौढ धावपटूंचा मान कसा राखला जातो?

५. तुमच्या घरातील एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीने पूर्वी सोडून दिलेली एखादी आवड पुन्हा सुरू केली आहे काय? त्यांना विचारून दहा ओळी लिहा.